प्रिंटएफने बायनरी का फुगते: न वापरलेला कोड गाळण्याची पार्श्वभूमी

सी भाषेत मजकूर छापणारं प्रिंटएफ हे फंक्शन वापरलं की तयार प्रोग्रॅमची फाइल, म्हणजे बायनरी, न वापरलेल्या कोडनेही फुगते; असा कोड कसा गाळतात, ते इथे पाहू. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत स्टॅटिक लायब्ररी म्हणजे 'एआर' कमांडने बांधलेला ऑब्जेक्ट फाइल्सचा (कंपाइल झालेल्या तुकड्यांचा) गठ्ठा. हवं असलेलं नाव ज्या फाइलीत सापडेल ती फाइल लिंकर (हे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारं साधन) अख्खी उचलतो. तीत वीस फंक्शन्स असली आणि हवं एकच असलं, तरी वीसही येतात, शिवाय त्यांना लागणाऱ्या फाइलीही मागोमाग येतात. म्हणून सी लायब्ररी लिहिणारे एका फाइलीत एकच फंक्शन ठेवू लागले. मसल या सी लायब्ररीत ही शिस्त आजही बहुतांशी पाळलेली दिसते.

1987 च्या टर्बो पास्कल 4.0 चा लिंकर न वापरलेल्या प्रोसीजर स्वतःच गाळायचा. जीएनयूच्या साधनांत हेच काम दोन ठिकाणी विभागलं आहे. 'फंक्शन-सेक्शन्स' आणि 'डेटा-सेक्शन्स' दिले की कंपायलर प्रत्येक फंक्शन आणि व्हेरिएबल वेगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलीतल्या वेगळ्या कप्प्यात टाकतो. 'जीसी-सेक्शन्स' दिलं की लिंकर सुरुवातीच्या बिंदूपासून संदर्भांचा माग काढतो आणि जिथे पोहोचता येत नाही ते सेक्शन टाकून देतो. नुसतं 'जीसी-सेक्शन्स' देऊन फारसा फरक पडत नाही, कारण एरवी फाइलीतला सगळा कोड एकाच सेक्शनमध्ये असतो. चिप कंपनीकडून तयार आलेली लायब्ररी पहिल्या पर्यायांशिवाय बांधलेली असेल, तर तिथेही हात टेकावे लागतात.

मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या संगणक-चिपवर, याची खरी कसोटी लागते. इंटरप्ट व्हेक्टर टेबलला (चिप सुरू होताना किंवा इंटरप्ट आल्यावर कुठला कोड चालवायचा, त्या पत्त्यांच्या यादीला) कोडमधून कोणीच बोलावत नाही. लिंकर स्क्रिप्टमध्ये त्यावर 'कीप' (हे गाळू नको, ही सूचना) नसेल, तर ते गाळलं जाऊ शकतं: बिल्ड बिनबोभाट होतं, बोर्ड मात्र सुरूच होत नाही. प्रिंटएफची अडचण याच्या उलट आहे. फॉरमॅटची स्ट्रिंग प्रोग्रॅम चालताना वाचली जाते, त्यामुळे '%f' (दशांश संख्या छापण्याची खूण) कधीच येणार नाही हे लिंकरला कळूच शकत नाही आणि दशांश छापण्याचा सगळा कोड आत राहतो. एसटीएम32एफ030एफ4 सारख्या चिपवर फ्लॅश (प्रोग्रॅम साठवण्याची मेमरी) अवघी 16 केबी. तिथे हे परवडत नाही. न्यूलिब-नॅनो या लहान चिपसाठीच्या सी लायब्ररीने तो कोड बाजूला काढला. दशांश हवेच असतील, तर लिंकरकडे '_प्रिंटएफ_फ्लोट' हे चिन्ह मुद्दाम मागावं लागतं. ही तडजोड मला अगदी योग्य वाटते.

अँड्रॉइडवर एका डेक्स फाइलीत (ॲपचा कंपाइल झालेला कोड असलेल्या फाइलीत) 65,536 मेथड संदर्भांची मर्यादा असते, म्हणून न वापरलेला कोड गाळणारं आधी प्रोगार्ड आणि 2019 पासून आर8 हे साधन रुळलं. क्लासचं नाव स्ट्रिंगमधून बनवलं असेल, तर डीबग बिल्ड चालतं आणि रिलीज बिल्ड क्लास सापडत नाही म्हणून कोसळतं. त्यासाठी 'कीप'चा नियम लिहावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये 2015 मध्ये रोलअप या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाने 'ट्री-शेकिंग' (न वापरलेला कोड झटकणं) रूढ केलं, तेही ईएस मॉड्यूल्समधले (जावास्क्रिप्टच्या प्रमाणित मॉड्यूल्समधले) इंपोर्ट कोड न चालवता वाचता येतात म्हणूनच.

'स्ट्रिप' या कमांडवर मात्र विसंबू नये. ते चिन्हं आणि डीबगची माहिती काढतं. डिस्कवरची फाइल लहान होते, फ्लॅशमध्ये जाणारा कोड तेवढाच राहतो. लिंकरकडून मॅप फाइल काढून घ्यावी: जीएनयू लिंकरच्या मॅपमध्ये अगदी वरच, लायब्ररीतली कुठली फाइल कोणत्या चिन्हापायी आत आली, याची यादी असते.