खुली रचना म्हणजे उघडा कोड नव्हे
जळगाव-धुळ्याकडची इंजिनिअरिंगची पोरं अजूनही म्हणतात, ‘लढाऊ विमानात ओपन आर्किटेक्चर (सॉफ्टवेअरची खुली रचना) आणलं की कोड शत्रूच्या हाती जाईल.’ हे साफ चूक आहे. खुली असतात ती सॉफ्टवेअरच्या भागांमधल्या जोडणीची मानकं. आतला कोड गुप्त राहू शकतो. अमेरिकेत विमानातल्या सॉफ्टवेअरची मानकं ठरवायला २०१० साली स्थापन झालेल्या ‘फेस’ संघाचं मानक कुणालाही वाचता येतं, त्यावर बेतलेलं सॉफ्टवेअर नाही. म्हणूनच एखादा भाग बदलायला दरवेळी मूळ कंपनीचे पाय धरावे लागत नाहीत आणि लहान कंपनीलाही दार उघडतं.

पैसा फक्त बड्यांना मिळतो, हेही खोटं. संरक्षण मंत्रालयाची २०१८ची ‘आयडेक्स’ योजना तिच्या मूळ स्पर्धांमधून निवडलेल्या स्टार्टअपना १.५ कोटी रुपयांपर्यंत अनुदान देते. मात्र स्वतःचा वाटाही घालावा लागतो, आणि खानदेशातल्या पोरांची खरी अडचण तिथेच आहे.