१८ मीटरच्या खाली कधी जावं?

मालवणला स्कूबा करून आलेली कोल्हापूरची पोरं दोन गोष्टी हमखास सांगतात. पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर होता, आणि आता थेट ॲडव्हान्स्ड कोर्स करायचा. सिलिंडरमध्ये आपली नेहमीचीच हवा असते, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली जीवावर बेतू शकतो. राहिलं ॲडव्हान्स्ड.

शिक्षकाने धरून नेलेली ती डुबकी म्हणजे पहिला कोर्सही नव्हे. पहिला ‘ओपन वॉटर’, १८ मीटरपर्यंतचा. ॲडव्हान्स्ड ३० पर्यंत. पॅडी ही संस्था तो पहिल्यानंतर लगेच करू देते, एसएसआय ही दुसरी संस्था ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर’ या प्रमाणपत्रासाठी २४ डाइव्ह मागते. पॅडीच्या पाच डाइव्हमध्ये खोली आणि दिशा ओळखणं सक्तीचं, पाण्यात तोल राखणं मात्र ऐच्छिक. मला हे उलटं वाटतं.

मी तर डाइव्ह मोजण्याऐवजी खाली जाण्यासाठी कमरेला बांधलेलं वजनाचं शिसं बघेन. घाबरलेला नवखा छाती भरून श्वास घेतो, त्यामुळे खाली जात नाही, मग जादा शिसं बांधतो. समजा चार किलो जास्त झालं. ते तोलायला अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये चार लिटर हवा भरावी लागते. १८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट, १० मीटरवर दुप्पट. तेवढं वर आलं की बॉइलच्या नियमाने (दाब घटला की हवा फुगते) चार लिटरचे ५.६ लिटर होतात आणि दीड किलोहून जास्त उचल आपोआप मिळते. (अंगातल्या रबरी वेटसूटचं फुगणं वेगळंच.) माणूस वर ओढला जातो, हवा सोडतो, खाली जातो, पुन्हा भरतो. शिसं बेताचं असेल तर जॅकेट जवळजवळ रिकामं राहतं आणि तोल श्वासावर सांभाळता येतो: अर्धा लिटर जास्त श्वास, अर्धा किलो उचल.

या धडपडीत हवा संपते. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला तिथे ८० लागतात. १२ लिटरच्या सिलिंडरात २०० बारला २४०० लिटर हवा. ५० बार राखीव ठेवले तर उरलेली २२ मिनिटं पुरते. मिनिटाला ३० लिटर ओढणाऱ्याला १५ मिनिटंच. त्यात खोलीवर दाबाखालच्या नायट्रोजनने येणारी गुंगी.

तालमीतला दमसास इथे फार कामाचा नाही, मोठ्या स्नायूंना हवाही जास्त लागते. कुंभक लावून सिलिंडर दुप्पट पुरवायचे सल्ले देणारेही भेटतात. त्यांचं ऐकून श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

हात न हलवता एका जागी तरंगता येत असेल आणि कुणी न सांगता उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजकडे नजर जात असेल, तर खुशाल ॲडव्हान्स्डला नाव घाला.

कोल्हापूरकरांनी आणखी एक धरावं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. डाइव्हनंतर लगेच गगनबावड्याचा घाट चढणं म्हणजे अंगात नायट्रोजन विरघळलेला असताना बाहेरचा दाब कमी करणं, म्हणजे त्याचे अंगात बुडबुडे होण्याचा धोका. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. घाटालाही तेवढेच लावा आणि त्या रात्री मालवणातच मुक्काम करा.