गोठत्या थंडीतलं पक्षी-छायाचित्रण: अडचणी कशा बदलत गेल्या

कडाक्याच्या थंडीत कॅमेरा का अडतो, याचं उत्तर काळागणिक बदलत गेलं. सुरुवातीला अडचण रसायनांची होती. ओल्या कलोडियनची (चिकट रसायन लावलेली काचेची) प्लेट ओली असेपर्यंतच फोटो घेऊन लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. शून्याखाली ते जवळजवळ अशक्यच. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली आणि कॅमेरा अंधाऱ्या तंबूपासून सुटला.

खरी कसोटी अंटार्क्टिकात लागली. ब्रिटिश शोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेतले छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग यांनी १९११-१२ मध्ये तिथले पेंग्विन आणि स्कुआ हे समुद्रपक्षी टिपले. फोकस करताना एकदा त्यांची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच चिकटली. सुटताना साल निघालं. कॅमेरे ते झोपडीबाहेरच ठेवत. आत आणले की भिंगांवर दव जमे आणि पुन्हा बाहेर नेताच त्याचा बर्फ होई.

पुढे फिल्म आली, तशी दुखणीही बदलली. थंडीत फिल्म ठिसूळ होऊन कडेच्या छिद्रांपाशी फाटे. कोरड्या हवेत ती भराभर गुंडाळली की स्थिर विजेच्या ठिणग्या पडत आणि निगेटिव्हवर विजेसारख्या फांद्या उमटत. म्हणून मोटर बंद ठेवून हाताने, सावकाश गुंडाळायची. शटरमधलं वंगण घट्ट झालं की पडदा रेंगाळे आणि फोटो जास्त उजळ येई. त्यावर तेल पूर्ण पुसून ग्राफाइटची भुकटी लावत.

आता सगळा भार बॅटरीवर. थंडीत तिचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा ती संपल्याचं दाखवतो. आतल्या खिशात ऊब मिळाली की तीच पुन्हा चालते. म्हणून दोन-तीन बॅटऱ्या अंगाशी ठेवून आलटून-पालटून वापरायच्या. गोठलेली लिथियम-आयन बॅटरी मात्र चार्ज करू नये. आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते.

दवाचं दुखणं पाँटिंग यांच्या काळापासून तसंच आहे, आणि थंडीपेक्षा जास्त नुकसान तेच करतं. आत शिरण्याआधी, बाहेरच, मेमरी कार्ड काढून घ्या. कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा. दव पिशवीवर जमतं. मोठ्या लेन्सला खोलीच्या तापमानाला यायला दोन-तीन तास सहज लागतात.

उलट बाजूही आहे. उबदार गाडीतून काढलेल्या लेन्सच्या हूडमध्ये (पुढे लावलेल्या नळीसारख्या आवरणात) गरम हवा घुटमळते, पिसं धूसर येतात आणि दोष फोकसला दिला जातो. हूड काढून लेन्स अर्धा तास बाहेर थंड होऊ द्यावी.