समुद्राचा रंग

समुद्राचा रंग : समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आणि पाण्यात शिरून पुन्हा वर आलेला प्रकाश एकत्र मिळून डोळ्याला जाणवणारा रंग. खोल समुद्र निळा, किनाऱ्याजवळचा हिरवट आणि नद्यांच्या मुखाशी गढूळ तपकिरी दिसतो. हेच पाणी पेल्यात घेतले की गाळ खाली बसल्यावर त्याला रंग उरत नाही. या विसंगतीचा उलगडा करण्यात भौतिकीचे निदान पाऊण शतक गेले. त्यातील एक महत्त्वाचे टिपण मुंबई बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरून पाठविले गेले होते.

सूर्यप्रकाशात सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे दृश्य किरण असतात. लहान तरंगलांबीचे किरण जांभळे-निळे आणि मोठ्या तरंगलांबीचे तांबडे दिसतात. दृष्टिपटलावरील तीन प्रकारच्या शंकुपेशी अनुक्रमे सुमारे ४२०, ५३० व ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. त्यांच्याकडून आलेल्या संदेशांच्या तुलनेतून मेंदू रंग ठरवतो. अंधुक प्रकाशात शंकुपेशींचे काम जवळजवळ थांबते व दंडपेशी पुढे येतात. त्यांना रंगभेद कळत नाही, म्हणून दिवे लागणीनंतर थोड्याच वेळात समुद्र केवळ करडा भासतो. (रंगदृष्टीच्या तपशिलासाठी डोळ्यावरील स्वतंत्र नोंद पाहावी.)

परावर्तनाचा सिद्धांत : समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे, हा समज जुना आहे आणि शाळकरी उत्तरांत तो अजून टिकून आहे. त्याला मोठा आधार मिळाला तो लॉर्ड रॅली यांचा. प्रकीर्णनाची (सूक्ष्म कणांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरण्याची) तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे त्यांनी १८७१ मध्ये दाखविले आणि आकाशाच्या निळाईचा प्रश्न बव्हंशी निकालात काढला. समुद्राबाबत मात्र त्यांनी १९१० मधील व्याख्यानात असे मत मांडले, की खोल समुद्राच्या गडद निळ्या रंगाचा पाण्याच्या रंगाशी संबंध नसून तो परावर्तित आकाशाचा रंग आहे. एवढ्या अधिकारी व्यक्तीचे मत असल्याने काही काळ तरी ते सर्वमान्य राहिले. वस्तुतः रॉबर्ट बन्सन यांनी १८४७ च्या सुमारासच शुद्ध पाण्याला स्वतःचा निळसर रंग असल्याचे प्रतिपादन केले होते. ते मागे पडले.

रामन यांचा आक्षेप : चंद्रशेखर वेंकट रामन हे कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक असताना १९२१ मध्ये ऑक्सफर्ड येथील विद्यापीठ परिषदेसाठी इंग्लंडला गेले. परतीचा प्रवास त्यांनी ‘नार्कुंडा’ या जहाजाने केला. सोबत एक निकोल लोलक, म्हणजे ठरावीक प्रतलात कंप पावणाराच प्रकाश पुढे जाऊ देणारा स्फटिक, होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) असतो, त्यामुळे लोलक योग्य दिशेने फिरवल्यास तो अडवता येतो. रामन यांनी जहाजाच्या डेकवरून नेमके हेच केले. प्रतिबिंबाची चकाकी नाहीशी झाली, पण निळा रंग नाहीसा झाला नाही. उलट तो अधिक गडद दिसला. रॅली यांचे म्हणणे खरे असते तर लोलकातून काळसर पाणी दिसायला हवे होते. जहाज मुंबई बंदरात असताना, २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे टिपण त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकास धाडले. पाण्याचे रेणूच, निदान अंशतः, प्रकाशाचे प्रकीर्णन करीत असावेत, असा त्यात तर्क होता. रॅली १९१९ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे त्यांचे उत्तर येण्याचा प्रश्न नव्हता. या विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे द्रवांतील प्रकीर्णनावरील कलकत्त्यातील प्रयोग आणि २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध [→ रामन परिणाम], ज्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या बंदरातून हे टिपण गेले तेथील पाणी मात्र निळे नव्हे, मातकट आहे.

शोषणाचा वाटा : रामन यांचा आक्षेप बिनतोड होता, परंतु केवळ रेणवीय प्रकीर्णनावर सर्व भिस्त ठेवणे आज पुरेसे मानले जात नाही. वासिली शुलेयकिन यांनी त्याच सुमारास शोषण व प्रकीर्णन यांचा एकत्र विचार मांडला आणि आधुनिक मापने त्याच बाजूला झुकतात. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांच्या कंपनाची मूळ तरंगलांबी अवरक्त (तांबड्यापलीकडच्या अदृश्य) भागात, सुमारे ३ मायक्रोमीटरला येते. त्या कंपनाचे उच्च स्वरक (मूळ वारंवारतेच्या जवळपास पटीतील कंपने) दृश्य वर्णपटाच्या तांबड्या टोकापर्यंत पोहोचतात व तेथे क्षीण शोषण घडवतात. क्षीण असले तरी पाण्याची जाडी वाढली की ते निर्णायक ठरते. शुद्ध पाण्यात ७०० नॅनोमीटरचा प्रकाश १ मीटर अंतरात जवळपास निम्म्यावर येतो आणि ५ मीटरवर त्याचा ५ टक्क्यांहून कमी भाग उरतो. याउलट ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश १०० मीटर गेल्यावरही निम्म्याहून अधिक शिल्लक असतो. पाणी तांबडे गिळते. उरलेल्यातले निळे प्रकीर्णनाने वर परत येते. दोन्ही क्रिया आवश्यक आहेत. प्रकीर्णन नसते तर खोल समुद्रातून प्रकाश वर आलाच नसता आणि समुद्र काळा दिसला असता.

याला जड पाण्याचा, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा त्याचा जड समस्थानिक असलेल्या पाण्याचा, दाखला चांगला आहे. ड्युटेरियम हायड्रोजनहून दुप्पट जड असल्याने बंधाचे कंपन मंदावते, स्वरक अवरक्ताकडे सरकतात आणि दृश्य भाग मोकळा राहतो. परिणामी लांब नळीतून पाहिल्यास साधे पाणी निळसर, तर जड पाणी रंगहीन दिसते. तुर्भे येथील ‘सायरस’ व ‘ध्रुव’ या अणुभट्ट्यांत मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) म्हणून वापरले गेलेले पाणी ते हेच. कंपनामुळे रंग येण्याचे उदाहरण निसर्गात विरळा. बहुतेक पदार्थांचा रंग इलेक्ट्रॉनांच्या संक्रमणातून येतो.

पाहण्याचा कोन : परावर्तनाचा सिद्धांत मागे पडला, तरी परावर्तन संपलेले नाही. सरळ खाली पाहिल्यास पाणी फक्त सुमारे २ टक्के प्रकाश परावर्तित करते. नजर जितकी तिरपी तितके हे प्रमाण वाढत जाते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून क्षितिजाकडे पाहणाऱ्याला मुख्यतः आकाशच दिसत असते. म्हणून जुलैतल्या ढगाळ दुपारी समुद्र शिशासारखा आणि डिसेंबरच्या सकाळी त्याच जागेवरून फिकट निळा. तीच व्यक्ती उठून कठड्यापाशी गेली आणि टेट्रापॉडच्या फटींतून सरळ खाली डोकावली, तर खरा रंग कळतो : चहात दूध कमी पडल्यासारखा. ध्रुवक काचांचा गॉगल लावून मान हळूहळू खांद्याकडे कलती केल्यास चकाकी कमीजास्त होताना दिसते. रामन यांचा प्रयोग अशा रीतीने कोणालाही करून पाहता येतो, मात्र चकाकीखाली निळे सापडण्याची अपेक्षा इथे ठेवू नये.

मुंबईचे पाणी : मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत रुंद पट्ट्यांपैकी असून उथळ आहे. ठाण्याची खाडी, वसईची खाडी, मिठी नदी यांतून दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन आलेली बारीक माती येते आणि भरती-ओहोटीच्या जोराने तळाचा चिखल पुन्हा पुन्हा ढवळला जातो. उधाणाला पाणी अधिक गढूळ, तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ मंदावल्याने ते काहीसे निवळते. गाळाचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असल्याने सर्व रंग जवळपास सारखेच परत फेकतात. प्रकाश खोल जाण्याआधीच परततो, त्यामुळे पाण्याला तांबडे शोषायला अंतरच मिळत नाही. कुजलेल्या वनस्पतींतून विरघळलेली पिवळट द्रव्ये निळा भाग शोषून घेतात. उरतो तो पिवळा, हिरवा आणि तपकिरी. शहरातील सांडपाण्याला या रंगाचा सगळा दोष देण्याची सवय आहे. मैल्याचा वाटा नाकारता येत नाही, पण सांडपाणी थांबले तरी येथील समुद्र निळा होणार नाही. मालवणजवळ हिवाळ्यात तळ दिसतो, तसा वरळीला दिसत नाही, याचे मुख्य कारण भूगोल आहे.

मापन : पारदर्शकता मोजण्यासाठी आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली पांढरी तबकडी आजही पाण्यात सोडतात, ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवली जाते. रंगासाठी फोरेल-उले मापश्रेणीतील निळ्यापासून तपकिरीपर्यंतच्या २१ छटांशी तुलना करतात. दूरवरच्या सागरावर उपग्रह उपयोगी पडतात. भारताचा ‘ओशनसॅट-१’ हा २६ मे १९९९ रोजी सोडला गेला, त्यावर ८ पट्ट्यांत मापन करणारे सागररंग उपकरण होते. वनस्पतिप्लवकांतील (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतील) हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, त्यामुळे निळ्या व हिरव्या पट्ट्यांच्या गुणोत्तरावरून प्लवकांचे प्रमाण काढतात. त्यास पृष्ठतापमानाची जोड देऊन मच्छीमारांसाठी संभाव्य मत्स्यक्षेत्रांचे अंदाज दिले जातात. खुल्या सागरात ही रीत चांगली चालते. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात गाळ व पिवळी द्रव्ये गणित बिघडवतात. मोरेल व प्रियर यांनी १९७७ मध्ये पाण्याचे जे दोन वर्ग सुचविले (पहिल्यात रंग मुख्यतः प्लवकांमुळे ठरतो, दुसऱ्यात गाळ व विरघळलेल्या द्रव्यांचाही मोठा वाटा असतो) त्यांतील दुसऱ्यात मुंबईचा किनारा मोडतो.

स्वयंप्रकाश : हिवाळ्यात काही रात्री जुहूसारख्या किनाऱ्यांवर फुटणाऱ्या लाटेची कड निळी चमकते. हा परावर्तित वा प्रकीर्ण प्रकाश नव्हे. नॉक्टिल्यूका या एकपेशीय प्लवकाला हिसका बसला की रासायनिक विक्रियेतून तो क्षणभर निघतो. त्याची तरंगलांबी सुमारे ४७० नॅनोमीटर असते, म्हणजे वर्णपटाच्या ज्या भागाला स्वच्छ पाणी सर्वांत कमी अडवते त्याच्या जवळची. गढूळ पाण्यात ती चमक फारशी दूर जात नाही. म्हणून ती फेसाच्या रेषेपुरती, पायाशी दिसते.