एका पॉल जॉर्जमधून उभे राहिलेले दोन संघ

२०२५ च्या जूनमधली २३ तारीख, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि तिकडे ओक्लाहोमा सिटीत रविवारची रात्र होती. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेत ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स यांची तीन-तीन अशी बरोबरी झालेली, आणि सातवा सामना सुरू झाला होता. इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पोटरीच्या दुखण्यासह उतरला होता. सुरुवातीलाच त्याने तीन थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे फटके, टाकले. सातेक मिनिटं झाली असतील, तो चेंडू घेऊन पुढे झेपावला आणि कोणाचा धक्काही न लागता कोसळला. टाचेमागची शीर तुटली होती. जमिनीवर हात आपटणारा हॅलिबर्टन आणि क्षणभर गप्प झालेलं सभागृह मला अजून आठवतं. शेवटी थंडरने १०३-९१ असा विजय मिळवला. शे गिल्जस-अलेक्झांडरने २९ गुण केले, शिवाय १२ वेळा पास देऊन सहकाऱ्यांना बास्केट मिळवून दिलं.

त्या दिवसापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: थंडरने दोन वर्षं मुद्दाम हरून ड्राफ्टमधून संघ उभा केला आणि त्याचं फळ मिळालं. यातलं ‘दोन वर्षं हरले’ एवढं खरं आहे. पण ‘हरले म्हणून जिंकले’ हे मला पटत नाही, कारण इतिहास वेगळं सांगतो. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आपल्याला लिलावाची सवय आहे. आयपीएल असो की प्रो कबड्डी, ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. नव्या दमाची मुलं दरवर्षी एकत्र येतात, संघ आपापल्या पाळीला एकेकाला निवडतात आणि मागे पडलेल्यांची पाळी आधी येते. आयपीएलनेही २००८ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी असा ड्राफ्ट घेतला होता. दिल्लीने घरच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळूरूकडे गेला. पाळी आधी असली म्हणून डोळा अचूक असतोच असं नाही, हे आपल्याला त्याच वेळी कळलं होतं.

एनबीएमध्ये ही पद्धत १९४७ पासून आहे. सुरुवातीला तिच्यात ‘प्रादेशिक हक्क’ असे: जवळपासच्या कॉलेजातला लाडका खेळाडू त्या शहराच्या संघाला आधीच घेता येई, म्हणजे प्रेक्षक ओळखीच्या पोरासाठी तिकीट काढतील. २००८ मध्ये सचिन मुंबईकडे ‘आयकॉन’ म्हणून राहिला, त्याच जातीची कल्पना. १९६६ पासून हा हक्क गेला आणि दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये पहिल्या क्रमांकासाठी नाणेफेक होऊ लागली. १९६९ मध्ये फिनिक्सने छापा मागितला आणि काटा पडला. त्यामुळे मिलवॉकीला जो लू अल्सिंडर मिळाला तोच पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. दोनच वर्षांनी मिलवॉकी विजेता होता. एका नाण्यावर एवढं फिरत असेल, तर ते नाणं उडवायला मिळावं म्हणून कोणी हरणार नाही असं कसं होईल? १९८४ मध्ये ह्यूस्टनवर उघड आरोप झाले आणि पुढच्याच वर्षी लॉटरी आली. सात संघ, सात पाकिटं. पहिला क्रमांक न्यूयॉर्कला मिळाला आणि पॅट्रिक युइंग तिथे गेला. ‘ते पाकीट आधीच ओळखू येत होतं’ ही कुजबूज तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

आजची लॉटरी एका बंद खोलीत होते. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू टाकतात. वीस सेकंद ते घुसळले की पहिला चेंडू वर येतो, मग दर दहा सेकंदांनी पुढचा, असे एकूण चार. वेळ मोजणारा माणूस यंत्राकडे पाठ करून उभा राहतो आणि हात वर करून खूण देतो, म्हणजे चेंडू बघून इशारा दिला असं कोणी म्हणू नये. चार आकड्यांच्या १००१ जोड्या होतात. ११-१२-१३-१४ ही जोडी बाद धरायची आणि उरलेल्या हजार संघांमध्ये वाटायच्या. पूर्वी तळाच्या संघाला त्यातल्या २५० मिळत. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४० मिळू लागल्या. सर्वांत वाईट खेळण्याचा खास फायदा उरू नये हा उद्देश.

फिलाडेल्फियाच्या प्रयोगाची पार्श्वभूमी या बदलाला होती. सॅम हिंकी २०१३ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून तिथे आले आणि संघ मोडायला त्यांनी आडपडदा ठेवला नाही. तीन हंगामांत विजय किती? १९, १८ आणि १०. त्या प्रत्येक हंगामात ८२ सामने होते हे लक्षात घेतलं की हे आकडे अंगावर येतात. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, पुढे तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन पहिले क्रमांकही मिळाले. पण त्यानंतर, थंडरने करंडक उचलला त्या दिवसापर्यंत, हा संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेला नव्हता. २०१७ चा पहिला क्रमांक फिलाडेल्फियाने बॉस्टनकडून अदलाबदलीत घेतला आणि मार्केल फुल्ट्झला निवडलं. तिसऱ्या क्रमांकावर सरकलेल्या बॉस्टनने जेसन टेटमला घेतलं. बॉस्टनकडे तो पहिला क्रमांक आला होता ब्रुकलिनकडून, २०१३ च्या एका सौद्यात. म्हणजे हरलं ब्रुकलिन आणि खेळाडू मिळाला बॉस्टनला. २०२४ मध्ये बॉस्टन विजेता झाला.

आता थंडरकडे. हा संघ मुळात सिएटलचा. सुपरसॉनिक्स या नावाने १९७९ मध्ये तो विजेता झाला होता. २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या उद्योजकांनी तो विकत घेतला आणि २००८ मध्ये उचलून आपल्या गावी नेला. सिएटलच्या माणसांच्या हातून चाळीस वर्षांचा संघ गेला, नाव आणि रंग तेवढे मागे राहिले. ओक्लाहोमा सिटीच्या यशाबद्दल लिहिताना ही गोष्ट वगळणं मला बरोबर वाटत नाही, कारण पहिल्या उभारणीचा पाया सिएटलमध्येच घातला गेला होता. सॅन अँटोनियोत घडलेले तरुण सॅम प्रेस्टी २००७ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून सिएटलला आले. त्या वर्षी पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडन निवडला आणि दुसऱ्यावर सिएटलला केव्हिन ड्युरँट मिळाला. २००८ मध्ये रसेल वेस्टब्रूक चौथ्या क्रमांकावर, २००९ मध्ये जेम्स हार्डन तिसऱ्यावर. ओळीने तीन वर्षं निवडलेले हे तिघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. ड्राफ्टमध्ये याहून चांगला डोळा कोणी दाखवल्याचं मला तरी माहीत नाही.

आणि तरीही विजेतेपद आलं नाही. २०१२ मध्ये हे तिघे अंतिम मालिकेत मायामीकडून हरले आणि काही महिन्यांतच मानधनाच्या प्रश्नावरून हार्डनला ह्यूस्टनला पाठवलं गेलं. २०१६ मध्ये ७३ विजय मिळवलेल्या गोल्डन स्टेटवर ३-१ अशी आघाडी होती, ती घालवली. त्या ४ जुलैला ड्युरँटने जाहीर केलं की तो गोल्डन स्टेटकडेच चालला आहे. पहिल्या चार क्रमांकांतली माणसं मिळूनही हात रिकामेच राहू शकतात, हे ओक्लाहोमाने असं अनुभवलं होतं.

इथे पॉल जॉर्ज येतो.

इंडियानाने २०१० मध्ये त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं होतं. २०१७ मध्ये त्याने जायचं म्हटल्यावर प्रेस्टींनी व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास सबोनिस देऊन त्याला आणलं. दोन वर्षांनी, २०१९ च्या जुलैत, वेगळाच पेच उभा राहिला. टोरँटोला विजेतेपद मिळवून देणारा कवाय लेनर्ड लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण पॉल जॉर्ज सोबत असेल तरच. जॉर्जनेही ओक्लाहोमा सोडायची इच्छा सांगितली. क्लिपर्सला एका माणसासाठी दोन माणसं मिळणार होती आणि वेळ अजिबात नव्हता. प्रेस्टींनी किंमत लावली: पहिल्या फेरीतले पाच निवड-हक्क (म्हणजे पुढच्या ड्राफ्टमधल्या पाळ्या), आणखी दोन वर्षी क्रमांक अदलाबदल करण्याची मुभा, डानिलो गॅलिनारी, आणि अकराव्या क्रमांकावर निवडलेला, एकच हंगाम खेळलेला एक कॅनेडियन मुलगा. एकविसावा वाढदिवस त्याच्या तोंडावर होता. तो शे गिल्जस-अलेक्झांडर.

थंडरच्या उभारणीचा खांब हा आहे. तो हरून मिळालेला नाही, दुसऱ्याच्या घाईतून मिळालेला आहे. असे सौदे किती अंगाशी येऊ शकतात याची आठवण लीगच्या नियमांतच कोरलेली आहे. १९८० च्या सुमारास क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी भविष्यातले हक्क सर्रास उधळले. त्यानंतर पुढच्या लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क कोणत्याच संघाला पूर्णपणे देऊन टाकता येत नाहीत. या नियमाला आजही स्टेपियनचंच नाव आहे.

मग हरण्याची वर्षं आली. २०२०-२१ मध्ये २२ विजय आणि ५० पराभव. अनुभवी अल हॉर्फर्ड धडधाकट असताना मार्चनंतर त्याला खेळवलंच नाही, तेव्हा हेतू लपलेला नव्हता. पदरात काय पडलं? क्लीव्हलंडचेही नेमके २२-५० च होते. लॉटरीत क्लीव्हलंड तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि त्यांना इव्हान मोबली मिळाला. थंडर सहाव्यावर घसरले. त्या क्रमांकावर घेतलेला जॉश गिडी विजेतेपदाच्या हंगामात संघात नव्हता, त्याला शिकागोला देऊन अ‍ॅलेक्स करूसो आणला होता. पुढच्या हंगामात, २ डिसेंबर २०२१ ला, गिल्जस-अलेक्झांडर दुखापतीमुळे बाहेर असताना मेम्फिसने थंडरला १५२-७९ असं हरवलं. ७३ गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा. तो हंगाम २४ विजयांवर संपला. लॉटरीने यावेळी दुसरा क्रमांक दिला आणि चेट होल्मग्रेन आला. दोन वर्षांच्या पराभवाची थेट कमाई म्हणायची तर मुख्यतः हा एक खेळाडू. आणि त्याचाही पहिला हंगाम पायाच्या दुखापतीत पूर्ण वाया गेला.

बाकीचे कुठून आले बघा. बचावात जीव ओतणारा लू डॉर्ट ड्राफ्टमध्ये कोणीच निवडला नव्हता. एरन विगिन्स ५५ वा. आयझेया जो फिलाडेल्फियाने सोडून दिलेला. आणि जेलन विल्यम्स, ज्याने अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले, तो २०२२ चा बारावा. तो बारावा क्रमांक क्लिपर्सचा होता, जॉर्जच्या सौद्यातला. १५ एप्रिल २०२२ ला क्लिपर्सचा न्यू ऑर्लिन्सशी सामना होता. जिंकले असते तर प्लेऑफमध्ये गेले असते आणि हक्काचा क्रमांक खाली गेला असता. त्याच दिवशी पॉल जॉर्ज कोविडमुळे बाहेर बसला. क्लिपर्स १०५-१०१ असे हरले. सौद्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी पॉल जॉर्ज ओक्लाहोमाच्या कामी असा आला.

इंडियानाचं काय झालं? ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, इंडियाना विरुद्ध सॅक्रामेंटो. जॉर्जच्या बदल्यात मिळालेला सबोनिस तेव्हा इंडियानात होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानाने याच सबोनिसला सॅक्रामेंटोला देऊन त्यांच्याकडून हॅलिबर्टन घेतला, तोही ड्राफ्टमधला बारावा. इंडियाना कधी तळाला गेलं नाही, मुद्दाम हरलं नाही, तरी तीन वर्षांत अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात उभं होतं. म्हणजे त्या पहाटे आमनेसामने असलेले दोन्ही संघ एकाच खेळाडूला सोडून देण्यातून उभे राहिले होते.

ओक्लाहोमा सिटी सात लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. तिथे मोठे खेळाडू स्वतःहून राहायला येत नाहीत, म्हणून ड्राफ्ट हा त्यांचा मुख्य आधार. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचं सुरुवातीच्या चार वर्षांचं मानधन कोष्टकाप्रमाणे ठरलेलं असतं. त्या मुदतीत तो बहरला तर उरलेल्या पैशात इतरांना आणता येतं, आयझेया हार्टनस्टाइनला आणलं तसं. होल्मग्रेन आणि विल्यम्स दोघेही २०२५ मध्ये याच कोष्टकातल्या मानधनावर खेळत होते. प्रशिक्षक मार्क डॅग्नॉल्ट २२ विजयांच्या हंगामातही होते आणि ६८ विजयांच्या हंगामातही. पराभवाच्या काळात त्यांना कोणी हटवलं नाही, हे मला सगळ्या निवडींइतकंच महत्त्वाचं वाटतं.

विजेतेपद आलं तेव्हा २०१९ च्या सौद्यातल्या पहिल्या फेरीच्या पाच हक्कांपैकी २०२६ चा अजून वटवायचा बाकी होता.