हात थरथरायचा थांबला, म्हणजे आजार थांबला का?

‘पार्किन्सन्सवरच्या (म्हणजे कंपवातावरच्या) नव्या उपचारांसाठी निधी’ या एका ओळीत दोन वेगळी कामं दडलेली असतात. पैसे देणाऱ्यांना आणि कित्येकदा घरच्यांनाही ती एकच वाटतात. एक म्हणजे लक्षणं कमी करणारं औषध शोधणं, दुसरं म्हणजे आजाराची चालच मंदावणारं.

पहिल्याचं ठळक उदाहरण लेव्होडोपा. या आजारात डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात. लेव्होडोपा मेंदूत पोचून त्याचं डोपामिन होतं आणि उणीव भरून निघते. १९६७ मध्ये डॉक्टर जॉर्ज कोत्झियास यांनी ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन दाखवलं आणि आखडलेली माणसं पुन्हा हालचाल करू लागली. आजही त्याच्याइतकं परिणामकारक औषध नाही. पण पेशी मरायच्या थांबतात, असं काही त्यातून होत नाही.

दुसऱ्या प्रकारचं औषध निर्विवादपणे सिद्ध झालंय, असं अजून एकही नाही. अडचण मोजण्यातच आहे. पेशी किती उरल्या हे थेट मोजता येत नाही, चालणं, थरथर, ताठरपणा यांनाच गुण द्यावे लागतात. मग सुधारणा दिसली तर ती कशामुळे? अमेरिका आणि कॅनडातल्या ‘डेटाटॉप’ चाचणीत ८०० रुग्ण होते. सेलेजिलिन हे औषध घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज उशिरा लागली, म्हणून १९८९ मध्ये मोठी आशा निर्माण झाली. पुढे लक्षात आलं की सेलेजिलिन स्वतःच लक्षणं थोडी उतरवतं, त्यामुळे आजार मंदावला असं त्यावरून म्हणता येईना.

म्हणून आता काही चाचण्यांत औषध बंद करून, काही आठवडे थांबून पुन्हा तपासतात. लक्षणांपुरता फायदा असेल तर तो तोवर ओसरायला हवा. यात वेळ जातो आणि पैसाही. शिवाय दुसऱ्या आजारावरच्या जुन्या औषधाची अशी परीक्षा घेण्यात कंपन्यांना फारसा नफा नसतो. सरकारी आणि देणगीचा पैसा सर्वांत जास्त इथेच लागतो, असं मला ठामपणे वाटतं. लक्षणांवरचं संशोधन दुय्यम आहे, असं मात्र मुळीच नाही. पावलं अडकणारा, रात्री कूस बदलता न येणारा माणूस आजचा दिवस काढत असतो.

मधुमेहावरच्या एक्झेनाटाइडचंच पाहा. पार्किन्सन्सच्या ६० रुग्णांच्या चाचणीत ते बंद केल्यावर १२ आठवड्यांनीही ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांतला फरक टिकला होता (२०१७). मग ब्रिटनमध्ये १९४ जणांवर ९६ आठवडे मोठी चाचणी झाली आणि २०२५ मध्ये निकाल आला: काहीच फायदा नाही. वाचून मन खट्टू झालं. पण तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही, कारण नाहीतर केवळ आशेवर हे औषध हजारो लोक वर्षानुवर्षं घेत राहिले असते.

कुणी ‘आजार रोखणाऱ्या’ औषधासाठी देणगी मागितली, तर जरूर विचारा: औषध बंद केल्यावर रुग्णांना पुन्हा तपासणार आहात का, आणि किती दिवसांनी?