थकवा की नैराश्य? कॅन्सर वॉर्डातल्या एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

कॅन्सर झाल्याचं रुग्णाला सांगता का, असं १९६१ मध्ये अमेरिकेतल्या २१९ डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ च्या पाहणीत चित्र उलटं झालं: ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे. तोवर रोगाचं नावच झाकलेलं असे; मग त्या नावाने खचलेल्या माणसाशी सिस्टर बोलणार तरी कशाबद्दल?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात १९७७ साली डॉ. जिमी हॉलंड यांनी कॅन्सर रुग्णांसाठी मनोविकार विभाग उभा केला. पुढे १९८३ मध्ये तीन केंद्रांतल्या २१५ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. ४७ टक्के रुग्णांत मानसिक विकार निघाला, पण त्यातल्या दोनतृतीयांशांना आजाराशी जुळवून घेताना होणारा त्रास होता. तीव्र नैराश्याचे रुग्ण त्याहून पुष्कळ कमी. ‘कॅन्सर आहे म्हटल्यावर माणूस उदास असणारच’ हे वाक्य वॉर्डात आजही ऐकू येतं. निदान चुकतं ते बहुतेकदा याच वाक्यामुळे.

दुसरी अडचण लक्षणांची. भूक मरणं, वजन घटणं, झोप उडणं, गळून जाणं ही नैराश्याची लक्षणं केमोथेरपीनेही होतात. म्हणून १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जीन एंडिकॉट यांनी निदानाच्या लक्षणांत अदलाबदल सुचवली: भूक-वजनाऐवजी रडवेला चेहरा, झोपेऐवजी माणसांपासून दूर राहणं, थकव्याऐवजी सतत निराशेचे विचार, एकाग्रतेऐवजी कशानेच मन न खुलणं. चिंता आणि नैराश्य मोजणाऱ्या, झिगमंड आणि स्नेथ यांच्या १९८३ च्या प्रश्नावलीतही शारीरिक लक्षणं मुद्दाम गाळली आहेत. त्यात १४ प्रश्न आहेत, ७ चिंतेचे आणि ७ नैराश्याचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण. एका गटात ८ ते १० आले तर शंका घ्यायची, ११ किंवा जास्त आले तर तपासणी करायचीच. गुण म्हणजे निदान नव्हे, हे मात्र घाईत विसरलं जातं.

परिचारिकेच्या कामाला खरं वळण मिळालं ते १९८० मध्ये, मँचेस्टरला. मनोविकारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर यांच्या गटाने कॅन्सरमुळे स्तन काढलेल्या बायकांसाठी खास परिचारिका नेमली. तिच्या समुपदेशनाने मानसिक त्रास टळला नाही. पण ज्यांना मदतीची गरज होती, त्यांतल्या ७६ टक्के बायका तिने ओळखून पुढे पाठवल्या. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण १५ टक्के होतं. वर्ष-दीड वर्षाने तिच्या गटात त्रास उरला १२ टक्क्यांत, दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांत. धीर देण्यापेक्षा वेळेवर हेरणं जास्त कामी आलं. धीर देणाऱ्या सगळ्यांनाच हा निष्कर्ष जरा झोंबतो.

स्कॉटलंडमधल्या २०१४ च्या चाचणीने पुढची पायरी दाखवली. आजाराची स्थिती बरी, पण तीव्र नैराश्य असलेले ५०० रुग्ण. प्रशिक्षित कॅन्सर परिचारिकेने चार महिन्यांत जास्तीत जास्त दहा बैठका घ्यायच्या: अडचणी सोडवायला शिकवायचं, दिवसात थोडी तरी हालचाल आणि आवडीचं काम परत आणायचं, गोळ्या चालू आहेत ना हे पाहायचं. वर मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख. २४ आठवड्यांनी लक्षणं निम्म्याने तरी कमी झालेले रुग्ण ६२ टक्के. नेहमीच्या उपचारांत १७.

नैराश्याच्या गोळ्यांचं वेगळंच. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि ‘काही फरक नाही’ म्हणून त्या आधीच बंद होतात. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही नैराश्याची औषधं टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात प्रभावी रूपात रूपांतर करणारं विकरच (एन्झाइम) ती अडवतात. मळमळ आणि निद्रानाश असेल तर मिर्टाझापिन हे नैराश्याचंच दुसरं औषध सोयीचं पडतं. अचानक गप्प झालेला, गुंगीत असलेला रुग्ण उदास दिसतो, पण ती जंतुसंसर्गाने किंवा अफूजन्य वेदनाशामकांनी आलेली भ्रमावस्था असू शकते. वार, वेळ, जागा विचारून पाहायची. एकाच दिवसात उत्तरं कधी बरोबर, कधी चूक येत असतील तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

आपल्याकडे १९६१ पुरतं सरलेलं नाही. ‘सिस्टर, बाबांना सांगू नका हं,’ असं नातेवाईक आजही म्हणतात. मग प्रश्नावली मुलगाच भरून देतो आणि उदासीच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहितो. म्हणून प्रश्न ड्रेसिंग करताना, नातेवाईक चहाला गेल्यावर विचारावे लागतात: ‘झोप लागते का? कशात मन रमतं का?’ आणि जपून, पण सरळ शब्दांत: ‘जगणं नको वाटतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच पाळीत डॉक्टरांना कळवून नोंद करायची.